पांतोक्रातोर : एका ग्रीक बिरुदाचा अर्थ

नाताळच्या सुमारास नभोवाणीवरील पाश्चात्य संगीत ऐकणाऱ्यांच्या कानांवर हँडेल या संगीतकाराचें 'हालेलूया' हें समूहगीत केव्हां ना केव्हां पडलेलें असतेंच. इ. स. १७४२ मध्यें डब्लिन शहरीं 'मसाया' ही त्याची संगीतरचना प्रथम गायिली गेली, तिच्यांतलाच हा भाग. त्यांत गायकवृंद ईश्वराला 'ऑम्निपोटेंट' या विशेषणानें पुन्हां पुन्हां गौरवितो. इंग्रजी शिकलेला कोणीहि मनुष्य या शब्दाचा अर्थ चटकन् सांगेल : सर्वशक्तिमान्, म्हणजे जो वाटेल तें करूं शकतो तो. इंग्रजी शब्दापुरता हा अर्थ बरोबर आहे. परंतु ज्या ग्रीक शब्दाच्या जागीं तो येऊन बसला आहे, त्या शब्दाचा हा अर्थ नव्हे; निदान पहिला अर्थ तरी नव्हे.

तो मूळ ग्रीक शब्द म्हणजे 'पांतोक्रातोर'. ख्रिस्ती लोक ज्याला नवा करार म्हणतात त्या ग्रंथसंग्रहांत हें बिरुद देवाला दहा वेळां लाविलेलें आढळतें. पैकीं नऊ वेळां 'प्रकटीकरण' या अगदीं शेवटच्या पुस्तकांत, आणि एकदां पौलानें करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत. दहा ही संख्या कांहीं मोठी नाहीं. पण इ. स. ३२५ मध्यें नायसिया येथें जमलेल्या धर्मसभेनें ख्रिस्ती श्रद्धेचें जें सूत्र निश्चित केलें, त्याच्या पहिल्याच वाक्यांत देवाला 'पिता' म्हटल्यावर लगेच हाच शब्द योजिला आहे. तेव्हांपासून सोळाशेंहून अधिक वर्षें पूर्वेकडील ख्रिस्ती जग तो उपासनेंत उच्चारीत आलें आहे. जगांत अन्याय आणि दुःख उघड्या डोळ्यांना दिसत असतांना देवाला हें बिरुद कोणत्या अर्थानें लावावयाचें, ही गोष्ट नुसत्या शब्दकोशाची राहत नाहीं.

शब्दाची फोड सोपी आहे. 'पान्' म्हणजे सर्व. 'क्रातोस्' म्हणजे बळ किंवा सत्ता. लोकशाहीला इंग्रजींत जो 'डेमॉक्रसी' हा शब्द आहे त्याचा उत्तरार्ध याच 'क्रातोस्'पासून आलेला आहे. याच कुळांतलें क्रियापद 'क्रातेइन्'. त्याचे अर्थ दोन : सत्ता चालविणें हा एक, आणि हातांत धरणें, घट्ट पकडून ठेवणें हा दुसरा. दुसरा अर्थ नव्या करारांत ठिकठिकाणीं भेटतो. मार्काच्या शुभवर्तमानांत याईर नांवाच्या अधिकाऱ्याची बारा वर्षांची मुलगी वारली म्हणून घरांत आकांत चाललेला असतो. येशू आंत जातो, मुलीचा हात धरतो आणि तिला उठवितो. तेथें हात धरण्याला हेंच क्रियापद वापरलेलें आहे. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीं उजव्या हातांत सात तारे धरलेल्या पुरुषाचें वर्णन आहे, तेथेंहि हेंच.

तेव्हां 'पांतोक्रातोर' म्हणजे ज्याची सर्वांवर सत्ता चालते तो, किंवा सर्व कांहीं ज्याच्या हातीं धरलेलें आहे तो. 'तो काय काय करूं शकेल?' हा प्रश्न या शब्दाच्या पोटांत नाहीं. करूं शकण्यासाठीं ग्रीक भाषेंत 'दिनामिस्' हें निराळें शब्दकुल आहे. वीज निर्माण करणाऱ्या यंत्राला 'डायनामो' हें नांव त्याच कुलांतून मिळालें. 'शलमोनाचें ज्ञान' या नांवाच्या जुन्या ग्रीक ग्रंथांत 'पांतोदिनामोस्', म्हणजे सर्व कांहीं करूं शकणारा, असा शब्द आढळतोहि. म्हणजे तसा शब्द भाषेंत नव्हता म्हणून अडलें, असें झालेलें नाहीं. तो तयार होता. नव्या कराराच्या लेखकांनीं तो घेतला नाहीं.

'पांतोक्रातोर' हा शब्द त्यांच्या हातीं आला तो एका भाषांतरांतून. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरींत यहुदी लोकांची मोठी वस्ती होती. त्यांच्या पुढच्या पिढ्यांची बोलण्याची भाषा ग्रीक झाली होती, आणि हिब्रू धर्मग्रंथ त्यांना समजेनासे होत चालले होते. म्हणून त्या ग्रंथांचें ग्रीक भाषांतर सुरू झालें. टॉलेमी राजाच्या आज्ञेवरून ७२ पंडितांनीं तें केलें अशी कथा आहे, आणि त्यावरून त्याला 'सेप्टुआजिंट' म्हणजे 'सप्तति' हें नांव पडलें. वस्तुतः हें काम अनेक हातांनीं आणि अनेक दशकें चाललें, आणि हात अनेक असल्याच्या खुणा भाषांतरांत जागोजाग राहिल्या आहेत.

हिब्रू ग्रंथांत देवाला 'सबाओथ' असें एक बिरुद आहे. त्याचा सरळ अर्थ 'सैन्यांचा'. कोणत्या सैन्यांचा? इस्राएल लोकांच्या, आकाशांतील ताऱ्यांच्या, कीं देवदूतांच्या? हा वाद फार जुना आहे. यशयाच्या ग्रंथाचें भाषांतर करणाऱ्यानें वादांत न पडतां 'सबाओथ' हा हिब्रू शब्दच ग्रीक अक्षरांत उतरून ठेविला. स्तोत्रांचें भाषांतर करणाऱ्यानें 'सामर्थ्यांचा प्रभु' असें म्हटलें. आमोस, हग्गय, जखऱ्या, मलाखी इत्यादि संदेष्ट्यांच्या लहान ग्रंथांत मात्र त्या जागीं 'पांतोक्रातोर' हा शब्द आला. भाषांतर म्हणून पाहिल्यास यांत मोकळीक बरीच घेतलेली आहे, कारण सैन्य हा मूळ अर्थ त्यांत उरलाच नाहीं. परंतु अलेक्झांड्रियासारख्या नगरींत, जेथें प्रत्येक राष्ट्राची निराळी देवता आणि प्रत्येक राजाची निराळी फौज होती, तेथें 'सैन्यांचा देव' म्हणजे आणखी एक युद्धदेवता असा समज होण्यास वेळ लागला नसता. भाषांतरकारानें मूळ शब्द गमावला खरा, पण त्याबरोबर हा घोटाळाहि टाळला. फौजा कोणाच्याहि असोत, त्या सर्वांवर धनी एक.

दुसरें हिब्रू बिरुद 'शद्दाय'. याच्या व्युत्पत्तीविषयीं विद्वानांचें आजहि एकमत नाहीं. कोणी तो पर्वतवाचक शब्दाशीं जोडतात, कोणी संहार करणें या अर्थाच्या धातूशीं. ईयोबाच्या पुस्तकांत हें बिरुद वारंवार येतें, आणि तेथें ग्रीक भाषांतरांत पुष्कळ ठिकाणीं 'पांतोक्रातोर' आहे. ईयोबाची कथा प्रसिद्ध आहे. सज्जन, संपन्न असा तो मनुष्य. एका दिवसांत त्याची गुरेंढोरें गेलीं, मुलेंबाळें दगावलीं, आणि पुढें अंगभर फोड येऊन तो राखेंत बसून खापरीनें अंग खाजवूं लागला. मित्र येऊन त्याला समजावतात कीं, तुझ्या हातून कांहीं पाप घडलें असलें पाहिजे. ईयोब तें मान्य करीत नाहीं. या वादांत देवाच्या अंगीं सामर्थ्य कमी पडलें असेल, अशी शंका ईयोबाला एकदांहि येत नाहीं. त्याची तक्रार नेमकी उलट आहे : सर्व कांहीं ज्याच्या मुठींत आहे, त्याच्याच हातून हें मला कां भोगावें लागावें? 'पांतोक्रातोर' हा शब्द येथें स्तुतीचा जितका, तितकाच फिर्यादीचाहि आहे. ज्याच्या हातीं सत्ता असते त्याच्याकडेच माणूस दाद मागतो.

यानंतर प्रकटीकरणाचें पुस्तक. पात्म नांवाच्या लहानशा बेटावर असतांना योहानाला झालेलें दर्शन त्यांत वर्णिलेलें आहे. दुसऱ्या शतकांतील आयरेनियस या धर्मगुरूच्या म्हणण्याप्रमाणें ही गोष्ट डोमिशियन बादशहाच्या कारकीर्दीच्या अखेरीची, म्हणजे इ. स. ९५ च्या सुमाराची. पुष्कळ अभ्यासक तेंच मानतात. हें पुस्तक ज्या सात मंडळ्यांना उद्देशून लिहिलें आहे त्या रोमन साम्राज्याच्या आशिया प्रांतांत, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाच्या पश्चिम भागांत होत्या. त्या प्रांताची भाषा ग्रीक. रोमन बादशहाच्या 'इंपेरातोर' या पदवीला त्या भाषेंत 'आउतोक्रातोर' म्हणत. शिलालेखांवर ही पदवी कोरलेली असे आणि सरकारी कागदांच्या आरंभीं ती लिहिलेली असे. डोमिशियन आपल्या अधिकाऱ्यांच्या नांवानें निघणाऱ्या पत्रांत स्वतःला 'आमचा प्रभु आणि देव' म्हणवून घेई, असें सुएटोनियस या रोमन चरित्रकारानें लिहून ठेविलें आहे. त्या सातांपैकीं पहिलें शहर इफिस. तेथें तर बादशहाच्या घराण्याचें भव्य मंदिरच उभें राहिलें होतें.

अशा शहरांतल्या एखाद्या घरीं दहावीस माणसें जमलीं आहेत आणि योहानाचें पुस्तक मोठ्यानें वाचलें जात आहे. बाहेरच्या चौकांत 'आउतोक्रातोर', आणि घरांत कानीं पडतो 'पांतोक्रातोर'. ग्रीक कानाला या दोन शब्दांतला झगडा समजावून सांगावा लागत नव्हता. पहिल्याचा अर्थ 'स्वतःच्याच अधिकारानें सत्ता चालविणारा', दुसऱ्याचा 'सर्वांवर सत्ता चालविणारा'. या कुळांतला तिसरा एक शब्द 'कोस्मोक्रातोर', म्हणजे जगाचा सत्ताधारी. तो इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत अनेकवचनीं येतो, आणि तेथें तो काळोखाच्या दुष्ट शक्तींना लाविलेला आहे. जगावर सत्ता गाजविणारे पुष्कळ असतील, त्यांत वाईटहि असतील. सर्वांवर सत्ता असणारा मात्र एकच, असा हा हिशेब.

योहानानें हा शब्द जाणूनबुजून वापरला याचा एक सुंदर पुरावा त्याच्याच पुस्तकांत आहे. यशयाच्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायांत देवाच्या सिंहासनाभोवतींचे दिव्य जीव त्रिवार 'पवित्र' म्हणून त्याची स्तुति करतात. ग्रीक यशयांत त्या स्तुतींत 'सबाओथ' हा शब्द आहे, हें वर आलेंच. प्रकटीकरणाच्या चौथ्या अध्यायांत तीच स्तुति पुन्हां येते. पण तेथें 'सबाओथ' नाहीं, 'पांतोक्रातोर' आहे. आणि या बिरुदाचा त्या पुस्तकांतला शेवटचा उल्लेख पाहावा. नव्या यरुशलेम नगरींत मंदिर नाहीं, कारण देव पांतोक्रातोर आणि कोंकरा हेच तिचें मंदिर, असें तेथें म्हटलें आहे. हा कोंकरा म्हणजे ख्रिस्त. पूर्वीं त्याचें वर्णन वधिलेला कोंकरा असें केलेलें आहे. अखिल सत्तेच्या बिरुदाशेजारीं वधिलेलें कोंकरूं बसविणाऱ्या लेखकाच्या मनांत सत्ता म्हणजे वाटेल तें करण्याची मुभा असा अर्थ असेल, हें संभवत नाहीं.

पुढच्या धर्माचार्यांनींहि शब्दाचा हा मूळ अर्थ सोडला नाहीं. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धांत अंत्युखियाचा थियोफिलस याने औतोलिकस नांवाच्या एका ख्रिस्तेतर गृहस्थाला उद्देशून लिहितांना देवाच्या अनेक नांवांची फोड केली आहे. देव सर्व कांहीं धरून आहे आणि सर्वांना वेढून आहे, म्हणून तो पांतोक्रातोर, असें तो सांगतो. इ. स. ३५० च्या सुमारास यरुशलेमचा किरिल याने बाप्तिस्मा घेऊं इच्छिणाऱ्यांपुढें जीं व्याख्यानें दिलीं, त्यांतील आठवें सबंध व्याख्यान या एका शब्दावर आहे. आत्म्याचा स्वामी निराळा आणि शरीराचा निराळा, असें सांगणारे कांहीं पंथ त्या काळीं होते. त्यांना किरिलचें उत्तर हें कीं, असें कांहींच नाहीं जें या स्वामीच्या सत्तेबाहेर आहे. सैतानसुद्धां नाहीं. मग देव त्याला राहूं कां देतो? दुबळेपणामुळें नव्हे, तर त्याच्या सहनशीलतेमुळें, असें किरिल म्हणतो. हें उत्तर सर्वांना पटेल असें नाहीं. परंतु तें 'करूं शकतो कीं नाहीं' या भाषेंतलें उत्तर नव्हे, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

पश्चिमेकडे, रोमच्या बाजूला, धर्माची भाषा लॅटिन झाली. तेथें 'पांतोक्रातोर'ला पर्याय म्हणून 'ऑम्निपोतेन्स' हा शब्द रूढ झाला. शब्द तयारच होता. व्हर्जिल कवीनें आपल्या महाकाव्यांत ज्युपिटर देवाला तो अनेकदां लाविला आहे. यांतला 'पोतेन्स' हा भाग 'शकणें' या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला. येथें काटा हळूच फिरला. सत्ता चालविणारा, धरून ठेवणारा याच्या जागीं शकणारा आला; आणि शकणारा म्हटला कीं, काय काय शकणारा, ही पृच्छा ओघानेंच आली.

ती पृच्छा पश्चिमेंत कित्येक शतकें चालली. अकराव्या शतकांत पीटर डेमियन हा धर्मगुरु माँते कासिनो येथील मठांत मठाधिपति देसिदेरियस याच्याबरोबर जेवावयास बसला असतां एक प्रश्न निघाला : घडून गेलेली गोष्ट देव न घडलेली करूं शकेल काय? त्या पंगतीच्या गप्पांतून डेमियननें देवाच्या सर्वशक्तिमत्तेवर एक पुस्तिकाच लिहिली. रोम शहर इतिहासांत होऊन गेलें. तें कधीं झालेंच नव्हतें असें देवाला करतां येईल काय, इथपर्यंत तो विचार जातो. स्वतःला उचलतां येणार नाहीं एवढी जड शिळा देव घडवूं शकेल काय, हें कोडें तर शाळेंतल्या चलाख मुलांनाहि सुचतें, आणि धर्माच्या तासाला शिक्षकांची त्यानें तारांबळ उडते. तेराव्या शतकांत थॉमस अक्वायनस यानें त्यावर सांगितलें कीं, जें परस्परविरुद्ध आहे तें मुळीं 'करण्यासारखी गोष्ट' या सदरांतच पडत नाहीं. उत्तर बिनतोड आहे. पण मौज अशी कीं, ग्रीक शब्द डोळ्यांपुढें ठेवला तर हा प्रश्नच त्यांतून निघत नाहीं. घरधनी घर सांभाळतो म्हटल्यावर, त्याला स्वतःच्या खांद्यावर बसतां येतें काय, असें कोणी विचारीत नाहीं.

याचा दोष लॅटिन भाषेवर लादणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. देवाला मरतां येत नाहीं, खोटें बोलतां येत नाहीं. आणि त्याला हें येत नाहीं यांतच त्याचें सामर्थ्य आहे, असें लॅटिनांतच लिहिणारा ऑगस्टीन सांगून गेला. त्याच्या 'आत्मनिवेदन' या इ. स. ४०० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथाच्या अकराव्या भागांत तर देवाला 'ऑम्निपोतेन्स' म्हणून झाल्यावर त्याच दमांत 'ऑम्नितेनेन्स' असा आणखी एक शब्द त्यानें योजिला आहे. 'तेनेन्स' म्हणजे धरणारा. ग्रीक बिरुदाचा अक्षरशः अर्थ तो हाच. पण श्रद्धासूत्रांत पूर्वींचा शब्द बसून गेला होता, आणि लोकांच्या तोंडीं तोच राहिला. त्याच्याच वाटेनें इंग्रजींत 'ऑम्निपोटेंट' आलें. शिवाय, देवाला सर्व कांहीं शक्य आहे हा विचारहि बायबलाला परका नाहीं. ईयोबाच्या शेवटच्या अध्यायांत ईयोब तें कबूल करतो. मत्तयाच्या शुभवर्तमानांत येशू तें शिष्यांना सांगतो. मात्र त्या दोन्ही ठिकाणीं ग्रीकमध्यें शब्द आहेत ते 'दिनामिस्'च्या कुळांतले. विचार दोन आहेत आणि शब्दहि दोन आहेत. भाषांतरांत ते एक झाले एवढेंच.

ग्रीक भाषा बोलणाऱ्या पूर्वेंत हें बिरुद पुढें ख्रिस्ताच्या एका ठराविक चित्राचें नांव होऊन बसलें. सिनाय पर्वताच्या पायथ्याशीं सेंट कॅथरिनच्या मठांत मेणाच्या रंगांत काढलेलें सहाव्या शतकांतलें असें एक चित्र जतन केलेलें आहे. उजवा हात आशीर्वादासाठीं उचललेला, डाव्या हातांत ग्रंथ धरलेला. चेहऱ्याचे दोन अर्ध एकसारखे नाहींत. एका बाजूला शांत दृष्टि, दुसऱ्या बाजूला कठोर. अथेन्सजवळ दाफ्नी येथील मंदिराच्या घुमटांत इ. स. ११०० च्या सुमारास हीच आकृति चकचकीत खड्यांनीं जडविलेली आहे, आणि तिचा चेहरा खालीं उभ्या असणाऱ्याला दचकविण्याइतका उग्र आहे. पण त्याच बाराव्या शतकांत सम्राट् दुसरा जॉन कोम्नेनस आणि सम्राज्ञी आयरीन यांनीं कॉन्स्टँटिनोपल येथें पांतोक्रातोरच्या नांवानें एक मठ स्थापिला, आणि ११३६ च्या त्याच्या नियमावलींत मठाला जोडून ५० खाटांच्या रुग्णालयाची व्यवस्था लिहून ठेविली. त्यांत स्त्रियांसाठीं स्वतंत्र विभाग होता आणि तेथें एक स्त्री-वैद्यहि नेमलेली असे. ती वास्तू आज मशीद आहे.

आतां मराठीकडे वळावयाचें. मराठी बायबलांत 'सबाओथ'ला 'सेनाधीश' आणि 'शद्दाय' व 'पांतोक्रातोर' यांना 'सर्वसमर्थ' असे शब्द आहेत. त्यामुळें आमोसाचा 'सेनाधीश' आणि प्रकटीकरणाचा 'सर्वसमर्थ' हे ग्रीक वाचकाला एकाच शब्दानें भेटत होते, हें मराठी वाचकाच्या लक्षांत येत नाहीं. 'सर्वसमर्थ' हा शब्द सकृद्दर्शनीं 'ऑम्निपोतेन्स'च्या बाजूचा, म्हणजे शकणाऱ्याच्या बाजूचा वाटतो. संस्कृतांत 'समर्थ' म्हणजे क्षम, लायक. पण मराठींत हा शब्द तेवढ्यावर थांबलेला नाहीं. समर्थाघरच्या श्वानालाहि मान मिळतो ही म्हण घरोघरीं ठाऊक आहे. तिच्यांतला 'समर्थ' हा कांहीं करूं शकणारा नव्हे, तो धनी आहे, ज्याच्या आश्रयाला माणसें राहतात तो आहे. या अर्थानें 'सर्वसमर्थ' हा शब्द लॅटिनापेक्षां ग्रीकलाच जवळचा ठरतो.

हा शब्द मराठींत बायबलाच्या छापील भाषांतरांच्याहि पूर्वींपासून आहे. विल्यम कॅरी याने सेरामपूर येथून नवा करार मराठींत छापला तो १८११ मध्यें. त्याच्या जवळजवळ दोनशें वर्षें आधीं, १६१६ मध्यें, गोमंतकांत राहणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाचें ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रोमन अक्षरांत छापून निघालें होतें. स्टीफन्सच्या रोजच्या प्रार्थनेंतला शब्द अर्थातच लॅटिन 'ऑम्निपोतेन्स'. ग्रंथाच्या आरंभींच्या नमनांत देवाला बाप म्हणून त्याने 'सर्वसमर्थ' म्हटलें आहे. पण त्या ओवींत या विशेषणाच्या आधीं त्याने आणखी एक विशेषण घातलें आहे, तें लॅटिन श्रद्धासूत्रांत नाहीं; तें मराठी संतांच्या नमनाच्या वळणाचें आहे. तो शब्द 'विश्वभरित'.